बाळाचा पहिला परदेश प्रवास: आधी नावं जुळवा, मग तिकिटं बघा

एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. नवरा कंपनीच्या प्रोजेक्टवर दीड वर्षासाठी जर्मनीत श्टुटगार्टला आहे. दिवाळी झाली की नोव्हेंबरच्या मध्याला बाळाला घेऊन त्या एकट्याच दोन महिन्यांसाठी तिकडे जाणार. बाळाच्या जन्मदाखल्यावर अजून नाव चढलेलं नाही. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावावर आहे. बाळ 35व्या आठवड्यात झालं, पाच दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घातलंय, मग ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा कशाला, असं त्या विचारतात. एजंट म्हणतो, "सगळ्यात स्वस्त घ्या, व्हिसापुरता तर हवा."

ताई, मी पुण्यात 21 वर्षं पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवास विम्याची कामं करते. तुम्ही कागदांची यादी मागितलीत, पण यादी तुम्हाला व्हिसा केंद्राच्या साइटवर मिळेल आणि ती माझ्यापेक्षा ताजी असेल. तुमचं काम अडलं तर ते दोन जागी अडेल. एक, आईचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं आहे. दुसरी, हॉस्पिटलमधून घरी सोडताना देतात तो बाळाचा डिस्चार्ज समरी नावाचा कागद, जो तुम्ही बहुतेक घरी आल्यापासून उघडलेला नाही.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही भेटायला जाताय की राहायला? दोन महिने राहून परत येणार असाल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा भेटीचा व्हिसा: कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. "आत्ता जाऊ, आवडलं तर तिकडेच राहू" असा विचार मनात असेल तर हा रस्ता तुमचा नव्हे. त्यासाठी कुटुंब म्हणून राहण्याचा वेगळा, राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि विम्याचं गणितही बदलतं. नवरा तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात असेल तर तिथे रहिवासी झालेलं मूल साधारणपणे त्याच विम्यात फुकट धरलं जातं. पण भेटीला आलेल्या बाळाला तो विमा लागू नाही. "नवऱ्याचा तिकडचा विमा आहे ना" या भरवशावर बाळाला घेऊन निघालेली मंडळी मी पाहिली आहेत. पुढचं सगळं तुम्ही भेटीला जाताय असं धरून सांगते.

आता जन्मदाखला. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. म्हणजे तुमच्या बाळाची सगळी ओळख या एका कागदावर उभी आहे. आधार नसेल तरी पासपोर्ट अडत नाही. ते निळं बाल आधार सवडीनं काढा.

दाखल्यावर नाव नाही, कारण हॉस्पिटल 21 दिवसांच्या आत नोंद पाठवतं आणि आपलं बारसं कधी बाराव्या दिवशी होतं, कधी मामाला सुट्टी मिळेल तेव्हा. यात काही बिघडत नाही. जन्मनोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं. पण चढवताना घाई नको. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असं पूर्ण नाव लिहून द्या. नुसतं "अद्वैत" असा दाखला घेऊन लोक येतात, मग पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी राहते आणि पुढे ठेचा लागतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर आलेल्या पर्यटकांना प्रवेश बंद केला, तेव्हा माझ्याकडच्या दोन कुटुंबांची दुबईची तिकिटं वाया जायची वेळ आली होती.

मधल्या नावाबद्दल हल्ली आणखी एक घोळ होतो. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं असा राज्य सरकारचा निर्णय आहे. त्यामुळे काही जण शाळेसाठी एक आणि पासपोर्टसाठी दुसरं नाव मनात धरून बसतात. असं करू नका. दाखल्यावर जे छापून येईल तेच पासपोर्टवर, तेच तिकिटावर, तेच विम्यावर. इंग्रजी स्पेलिंग नवरा-बायकोने एकदा कागदावर लिहून ठरवा. अद्वैतच्या शेवटी "टी" की "टीएच" यावरून माझ्या टेबलासमोर भांडणं झाली आहेत. अंकशास्त्रवाल्या काकांना जादा "ए" लावायचा असेल तर तो नाव चढवायच्या आधी लावू द्या, नंतर नाही.

आता तुमचं नाव. हॉस्पिटलच्या फॉर्मवर तुमचं नाव सासरचं गेलं असणार, कारण फॉर्म भरताना तुम्ही लेबर रूममध्ये होतात आणि सासूबाईंनी किंवा नवऱ्याने सांगितलं ते लिहिलं गेलं. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. मग बाळाच्या कागदांवरची आई आणि विमानतळावर उभी असलेली आई, कागदोपत्री दोन बायका होतात.

याला दोन उपाय आहेत आणि कुठला घ्यायचा हे तुमच्यावर आहे. पॅन, बँक, डिग्री, ऑफिस सगळीकडे तुम्ही माहेरचंच नाव चालवत असाल आणि पुढेही चालवणार असाल, तर जन्मदाखल्यावर आईचं नाव दुरुस्त करून घ्या. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, तुमचा पासपोर्ट आणि हॉस्पिटलचं पत्र घेऊन जिथे जन्म नोंदला त्याच महापालिका कार्यालयात जायचं. नाव बदलायचंच असेल तर आधी तुमचा पासपोर्ट नव्या नावाने काढा, पतीचं नाव त्यात घाला, आणि मगच बाळाचा अर्ज भरा. मी बहुतेकींना पहिला मार्ग सुचवते. त्यात एकच कागद बदलतो. दुसऱ्यात पासपोर्टपासून पगाराच्या खात्यापर्यंत सगळं. तिसरा, जुगाडू उपाय म्हणजे काहीच न बदलता लग्नाचं प्रमाणपत्र सोबत ठेवणं. ते बऱ्याचदा चालून जातं. पण बाळ मांडीवर रडत असताना काउंटरवर "ही मीच" हे पटवून देण्याची हौस कुणाला असते?

तुम्ही लिहिलंय की नवरा गणपतीत दहा दिवस येणार आहे. ताई, हे दहा दिवस सोन्याचे आहेत, आरतीइतकेच सह्यांसाठी वापरा. बाळाच्या पासपोर्टला "अनेक्शर डी" लागतं, म्हणजे आई-वडील दोघांचं संमतिपत्र. साध्या कागदावर चालतं, नोटरी लागत नाही, पण सह्या दोघांच्या हव्यात. वडील परदेशात असले की मी त्यांना त्यांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करायला पाठवते. श्टुटगार्टवाल्यांना त्यासाठी म्युनिकच्या वाणिज्य दूतावासात जावं लागतं, म्हणजे एक सुट्टी गेली. इथे असताना डायनिंग टेबलावर होणारं काम तिकडे न्यायचं कशाला? म्हणून नाव आणि दुरुस्ती गणपतीच्या आत उरका, अपॉइंटमेंट त्या दहा दिवसांतली घ्या. तिघं मिळून मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जा, दोघांचे मूळ पासपोर्ट न्या. फी सध्या 1000 रुपये आहे, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात 10 टक्के सूट, म्हणजे 900. आई-वडिलांचे पासपोर्ट व्यवस्थित असले तर बाळाचा पासपोर्ट माझ्या अनुभवात एक-दोन आठवड्यांत घरी येतो. पाच वर्षं चालतो. तत्काळच्या भानगडीत पडायचं तुम्हाला कारण नाही.

फोटो घरून न्यावा लागतो, कारण चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो केंद्रात काढत नाहीत. पांढरी पार्श्वभूमी, 4.5 बाय 3.5 सेंटिमीटर. स्टुडिओत बाळ घाबरतं, म्हणून मी आयांना सांगते: सकाळी दूध पिऊन बाळ खुशीत असताना खिडकीजवळ पलंगावर पांढरी चादर ताणून अंथरा, त्यावर बाळाला उताणं झोपवा, आणि वरून सरळ फोटो घ्या. दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कुणाचा हात दिसायला नको. आणि त्या दिवशी आजीला सांगून ठेवा, काजळ नको आणि गालावर तीट नको. माझ्याकडच्या एका बाळाचा फोटो गालावरच्या टपोऱ्या तिटेमुळे परत आला होता. आजी म्हणाल्या, "दृष्ट लागली ना शेवटी." यावर काय बोलणार!

त्याच दहा दिवसांत नवऱ्याच्या आणखी दोन सह्या घेऊन ठेवा. शेंगेन व्हिसाच्या बाळाच्या अर्जावर दोन्ही पालकांची सही लागते. आणि "माझी पत्नी बाळाला घेऊन अमुक ते अमुक तारखांना एकटी प्रवास करत आहे, माझी संमती आहे" असं इंग्रजीतलं पत्र करा. हे मात्र नोटरी करून घ्या, सोबत त्याच्या पासपोर्टची आणि तिकडच्या निवास परवान्याची प्रत जोडा. तुमच्याकडे हे पत्र मुंबईला इमिग्रेशनवर मागतील की नाही, सांगता येत नाही. दहापैकी आठ आयांना कुणी विचारत नाही. उरलेल्या दोघींपैकी एक तुम्ही असू शकता.

व्हिसाबद्दल थोडक्यात. बाळाला वेगळा अर्ज, वेगळा व्हिसा. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसा फी नाही, मोठ्यांना 90 युरो आहे. केंद्राचा सेवा आकार वेगळा. 12 वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते 15 दिवस आधीपर्यंत करता येतो, निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, क्वचित 45 पर्यंत जातात. तुम्ही सप्टेंबरच्या अखेरीस अर्ज केलात तर दिवाळीचा फराळ शांतपणे खाल. भेटीच्या व्हिसासाठी जन्मदाखल्याचं अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून कागदावर घेतात तो सरकारी शिक्का) वगैरे मी आजवर कधी केलेलं नाही. कुणी "करावंच लागतं" म्हणून पैसे मागितले तर आधी अधिकृत यादी दाखवायला सांगा. नवरा तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयातून खर्चाचं हमीपत्र काढणार असेल तर चांगलंच, पण त्याने विम्याची अट सुटत नाही.

आता विमा. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घातलंत हे उत्तम, पण ती पॉलिसी भारतातल्या उपचारांसाठी असते. विमान उडालं की ती तुमच्या उपयोगाची नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, पूर्ण मुक्कामाचं, आणि आजारपणामुळे मायदेशी आणण्याचा खर्च धरणारं, असं लागतं. तुमचा एजंट जो स्वस्त प्लॅन म्हणतोय तो या अटी पुऱ्या करत असेल. व्हिसा अधिकारी तेवढंच बघतो. पण रात्री दोन वाजता बाळाचा श्वास घरघरायला लागला तर हॉस्पिटलचं बिल व्हिसा अधिकारी भरणार नाही.

पॉलिसीवरची मोठी रक्कम सगळे वाचतात. मी उलटीकडून वाचते. आधी वय: बऱ्याच प्रवास पॉलिसी तीन महिन्यांपासून घेतात, काही सहा महिन्यांपासून. तुमचं बाळ तेव्हा साडेआठ महिन्यांचं असेल, तर हा अडथळा नाही. मग अपवाद: आधीपासूनचे आजार आणि जन्मजात व्याधी. मग डिडक्टिबल, म्हणजे दर दाव्यात पहिले अमुक डॉलर तुमच्या खिशातून. 100 डॉलरची डिडक्टिबल असेल तर साध्या तापाच्या तपासणीचं बिल बहुतेक तुम्हीच भराल, आणि ते ठीक आहे. विमा मोठ्या संकटासाठी घ्यायचा, सर्दीसाठी नाही. शेवटी रक्कम. दोन महिने, थंडीचे दिवस, वेळेआधी झालेलं बाळ, हे बघता मी तुम्हाला 30,000 युरोवर थांबू देणार नाही. एक लाख डॉलरचा प्लॅन बघा. बाळाच्या वयाला प्रीमियममधला फरक फार पडत नाही.

आता तो डिस्चार्ज समरी काढा. 35 आठवडे, पाच दिवस एनआयसीयू, बहुतेक कावीळ किंवा श्वासाचा त्रास. त्यात कुठेतरी 2डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा निकाल असेल आणि त्यात "छोटा पीएफओ" असं एक वाक्य असण्याची बरीच शक्यता आहे. मी डॉक्टर नाही, पण एवढं मला बालरोगतज्ज्ञांनीच शिकवलंय की हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली ही बारीक फट गर्भात सगळ्यांनाच असते आणि जन्मानंतर बहुतेकांची आपोआप मिटते. डॉक्टर तुम्हाला म्हणाले असतील, "काळजीचं कारण नाही," आणि ते खरंच आहे. पण दाव्याची फाइल तपासणारा माणूस तेच वाक्य "हृदयाची जन्मजात व्याधी" असं वाचू शकतो. म्हणून डॉक्टर म्हणत असतील तर जाण्याआधी इको पुन्हा करून घ्या, आणि "बाळ निरोगी आहे, वाढ वयानुसार आहे, प्रवासाला हरकत नाही" असं लेटरहेडवर लिहून घ्या.

आणि प्रपोजल फॉर्मवर काही लपवू नका. "कधी रुग्णालयात दाखल केलं होतं का?" याला उत्तर "हो" आहे. एजंट म्हणेल, "जन्माच्या वेळचं कशाला लिहिता, उगीच प्रश्न येतील." प्रश्न येऊ देत, ते पुण्यात बसून येऊ देत. काही वर्षांपूर्वी एका जोडप्याने दुसरीकडून पॉलिसी घेतली आणि नेमकं हेच लपवलं. परदेशात बाळाला छातीच्या संसर्गासाठी तीन दिवस ठेवावं लागलं. कंपनीने जन्माचे कागद मागवले, आणि दावा अडकल्यावर ते माझ्याकडे आले. आजार नवा होता हे सिद्ध करायला आम्हाला चार महिने लागले, आणि पैसे सगळे मिळाले नाहीत ते नाहीतच. खरं लिहिल्यावर एखादी कंपनी काही न बोलता पॉलिसी देते, एखादी कागद मागते, एखादी श्वसनाच्या तक्रारी वगळते. तिसरी घेऊ नका, दुसरीकडे विचारा. म्हणूनच विमा शेवटच्या आठवड्यावर ढकलायचा नसतो.

वापरायची वेळ आली तर: जीव धोक्यात असेल तर 112, विमा नंतर. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा, पण प्रसंग तितका गंभीर नाही, तर जर्मनीत 116117. दाखल करायची वेळ आली तर विम्याच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा, केस नंबर घ्या आणि कागदावर वेळेसकट लिहून ठेवा. दवाखान्यात "आम्ही स्वतः पैसे भरणार" असं आधीच सांगा. तिकडचे डॉक्टर बऱ्याचदा बिल हातात देत नाहीत, काही आठवड्यांनी पोस्टाने पाठवतात. तोवर तुम्ही पुण्यात असाल, म्हणून पत्ता नवऱ्याचा द्या, आणि निदान लिहिलेलं बिल मागा.

लसींचा एक पेच तुमच्या तारखांमध्येच आहे. आपल्याकडे गोवरची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, आणि तुमचं बाळ नऊ महिन्यांचं होईल तेव्हा तुम्ही श्टुटगार्टला असाल. परदेश प्रवासाला निघालेल्या 6 ते 11 महिन्यांच्या बाळांना गोवरचा एक डोस आधीच द्यावा, असा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. हा डोस जादाचा असतो, नेहमीचे डोस नंतर द्यावेच लागतात. तुमच्या बाळाला द्यायचा की नाही हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील, पण हा प्रश्न त्यांना ऑक्टोबरमध्येच विचारा. फ्लूच्या लसीचंही तेव्हाच विचारा. पहिल्या वर्षी तिचे दोन डोस महिन्याच्या अंतराने असतात. लसीकरण कार्डावर आपल्याकडे ब्रँडचे स्टिकर चिकटवलेले असतात, ते तिकडच्या डॉक्टरला कळत नाहीत. कुठल्या रोगाची लस, कुठल्या तारखेला, हे इंग्रजीत टाइप करून सही-शिक्का घ्या. औषधांचंही तसंच: पॅरासिटामॉलच्या थेंबांची चिठ्ठी घेताना एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते लिहून घ्या. आपल्या थेंबांची आणि तिकडच्या सिरपची ताकद वेगळी असते, "नेहमीचं अर्धं झाकण" हे माप तिथे धोक्याचं आहे.

तिकीट काढताना बाळ दोन वर्षांखालचं म्हणून मांडीवरचं तिकीट मिळेल, साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आणि वर कर. विमानात बाळासाठी लावतात त्या पाळण्याची जागा मात्र तिकीट काढल्या दिवशीच फोन करून मागा, आणि वजनाची मर्यादा विचारून घ्या.

सामानाचं एक सांगून ठेवते, कारण हे दर वेळी होतं. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत. बाळाचं पावडर दूध आणि बाळाचा आहार कंपनीच्या बंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवावा न लागणारा, दोन किलोपर्यंत चालतो. नाचणी सत्त्व नीट पॅक करून, वर इंग्रजीत नाव लिहून न्या. सासूबाईंनी कढवलेलं साजूक तूप मात्र घरीच ठेवा. तिकडे कुठल्याही दुकानात चांगलं लोणी मिळतं, नवऱ्याला कढवायला शिकवा.